दिसायला एक, प्रत्यक्षात दोन : लहान वटवाघळांच्या जातींची ओळख आणि वर्गीकरण

भाताच्या प्रयोगक्षेत्रात प्रकाश सापळा लावला की पहिल्या अर्ध्या तासात तुडतुडे, खोडकिडीचे पतंग आणि चिलटे यांच्याबरोबर आणखी एक पाहुणा हजेरी लावतो. तो सापळ्यात पडत नाही. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर तो फेऱ्या मारतो, अचानक वळतो, खाली झेपावतो आणि दिसेनासा होतो. माझ्या क्षेत्रवहीत या पाहुण्याची नोंद बरीच वर्षे ‘लहान वटवाघूळ’ एवढ्या दोनच शब्दांत होत असे. त्याच पानावर तपकिरी तुडतुडा, पांढऱ्या पाठीचा तुडतुडा आणि हिरवा तुडतुडा यांची मोजणी मात्र स्वतंत्र रकान्यांत, काटेकोरपणे केलेली असे. तीन-चार मिलिमीटर लांबीच्या कीटकांत भेद करणाऱ्या माणसाला त्यांना खाणारा प्राणी नेमका कोणता, हे विचारावेसे वाटू नये, याचे आज नवल वाटते.

त्याची किंमत मला एकदा मोजावी लागली. एका गोदामाच्या छपराखाली लहान वटवाघळांची वसाहत होती. त्यांच्या लेंड्यांतील कीटकांचे अवशेष, म्हणजे तुटके पंख, पायांचे तुकडे, भुंगेऱ्यांच्या कवचाचे कण, मी दोन हंगाम तपासले. अहवालात जातीचे नाव लिहायचे होते. छपराखाली सापडलेल्या एका मृत वटवाघळाचा अग्रबाहू मोजला, तो २९ मिलिमीटर भरला; त्या भागाच्या जुन्या यादीत ‘पिपिस्ट्रेलस कोरोमंड्रा’ हे नाव होते; तेच लिहिले. वटवाघळांवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने अहवाल वाचून एकच प्रश्न विचारला, “नमुना कुठे ठेवला आहे?” त्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते ओघात सांगेन. पण एवढे खरे की कीटकशास्त्रात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जो प्रश्न विचारतात, तो मला वयाच्या चाळिशीत विचारला गेला.

प्रथम शब्दांविषयी थोडे. वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सरसकट वापरला जातो. या लेखात ‘जाती’ म्हणजे वर्गीकरणातील सर्वांत खालचे मूलभूत एकक आणि ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा समूह, असा जुन्या पाठ्यपुस्तकांतील अर्थ घेतला आहे. पिपिस्ट्रेलस ही प्रजाती, कोरोमंड्रा ही तिच्यातील एक जाती. लोकभाषेचे वर्गीकरण अर्थातच वेगळे चालते. मराठीत ‘पाकोळी’ हा शब्द कुठे लहान वटवाघळाला, तर कुठे संध्याकाळी घिरट्या घालणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला लावतात. बंगालीत मोठ्या फलाहारी वटवाघळाला ‘बादुड’ आणि लहान कीटकभक्षकाला ‘चामचिका’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. लोकभाषेने केलेला हा भेद शास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. शास्त्राला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. जगात वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि भारतात सव्वाशेहून अधिक. त्यांतील बहुसंख्य ‘चामचिका’ या एका शब्दात सामावतील अशा आहेत.

लिनियसने १७५८ साली वटवाघळांना माणूस व माकडे यांच्याच गणात बसवले होते. ब्लूमेनबाख याने १७७९ मध्ये त्यांच्यासाठी ‘कायरॉप्टेरा’, म्हणजे हातालाच पंख असलेल्यांचा, स्वतंत्र गण केला. गण आणि कुल या पातळीवरचे वाद तेव्हापासून होत आले असले तरी आपल्याला इथे भिडणारी अडचण त्याहून पुष्कळ खालची आहे : दोन वटवाघळे हातात घेतली, रंग तोच, आकार तोच, दातांची संख्या तीच, तर ती एका जातीची की दोन?

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण युरोपातील आहे. इंग्लंडमध्ये सामान्य पिपिस्ट्रेल हे अगदी घरगुती वटवाघूळ. वजन चार-पाच ग्रॅमच्या आतबाहेर, वस्ती घरांच्या छपरांत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ श्रेबर याने १७७४ मध्ये त्याचे नामकरण केले आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे, अधूनमधूनच्या शंका सोडल्यास, ते एकच मानले गेले. मग वटवाघळांचा श्राव्यातीत आवाज माणसाला ऐकू येईल असा करणारी उपकरणे क्षेत्रीय कामात आली. स्वीडन व जर्मनीतील निरीक्षकांना पिपिस्ट्रेलच्या आवाजात दोन पट्ट्या जाणवू लागल्या होत्या. ब्रिस्टल विद्यापीठातील गॅरेथ जोन्स आणि सोफी व्हान पॅरिस यांनी १९९३ मध्ये हे पद्धतशीरपणे मांडले. काही वटवाघळांच्या हाकेची सर्वाधिक ऊर्जा सुमारे ४५ किलोहर्ट्झवर, तर काहींची सुमारे ५५ किलोहर्ट्झवर असे. केवळ एवढेच असते तर तो वय, लिंग किंवा परिसर यांतील फरक म्हणून बाजूला सारता आला असता. पण एका वसाहतीत एकाच पट्टीची वटवाघळे सापडत होती. दोन्ही प्रकार एकाच प्रदेशात राहत, तरीही एका छपराखाली प्रसूतीसाठी एकत्र येत नव्हते. कीटकशास्त्रज्ञाच्या कानाला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटते. एकत्र राहूनही एकमेकांत न मिसळणे, हीच तर वेगळ्या जातीची खूण.

१९९७ मध्ये एलिझाबेथ बॅरट व सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारांच्या तंतुकणिकांमधील डीएनए तपासला. सायटोक्रोम बी या जनुकाच्या क्रमात ११ टक्क्यांहून अधिक फरक निघाला. इतका फरक सख्ख्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत अपेक्षित नव्हता. म्हणजे आवाजाने जे सुचवले होते त्याला स्वतंत्र साक्षीदार मिळाला. या ‘स्वतंत्र’ शब्दावर माझा भर आहे. आवाज हे वर्तन आहे आणि ते परिस्थितीनुसार बदलते. मोकळ्या मैदानात वटवाघूळ खालच्या पट्टीत हाक देते, झाडीत शिरले की वरच्या. त्यामुळे केवळ ध्वनिमुद्रणावरून नवी जाती जाहीर करणे म्हणजे केवळ पिकावरील नुकसानीवरून किडीचे नाव ठरवणे होय. अंदाज बरोबर निघू शकतो, पण तो अंदाजच राहतो.

यानंतरचा भाग संशोधनाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो आणि वर्गीकरणाचा खरा स्वभाव तिथेच दिसतो. दोन जाती आहेत हे ठरले. पण जुने नाव कोणाचे आणि नव्याला काय म्हणायचे? प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार जुन्या नावाचा हक्क आधी. शोध घेता असे दिसले की लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये डेव्हन परगण्यातील डार्टमूरहून आलेल्या एका लहानशा वटवाघळाला ‘पिग्मियस’ हे नाव दिले होते. पुढच्या अभ्यासकांनी ते सामान्य पिपिस्ट्रेलचे पिल्लू समजून नाव बाद केले होते. भूमध्य सागरी प्रदेशातून दिलेले ‘मेडिटेरेनियस’ हे आणखी एक नावही स्पर्धेत होते. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील मूळ वर्णनांत आवाजाचा उल्लेख कुठून असणार? शेवटी आवाज आणि डीएनए दोन्ही ज्ञात असलेले नवे प्रमाण-नमुने निश्चित करण्याची विनंती आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे करण्यात आली आणि २००३ मध्ये आयोगाने ती मान्य केली. तेव्हापासून ४५ किलोहर्ट्झचे ‘पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस’ आणि ५५ किलोहर्ट्झचे ‘पिपिस्ट्रेलस पिग्मियस’. १९९३ ते २००३ ही दहा वर्षे दोन जाती आहेत हे माहीत असूनही नावाचा गोंधळ निस्तरण्यात गेली.

एकदा भेद कळल्यावर मग बाह्य खुणाही दिसू लागल्या. चेहऱ्याचा रंग, नाकपुड्यांमधील उंचवटा, नराच्या जननेंद्रियाचा रंग, आणि पंखपटलातील लवचिक तंतूंनी तयार होणाऱ्या कोष्ठांची रचना. एका विशिष्ट जागचे कोष्ठ एका जातीत बहुधा अखंड असते, दुसरीत बहुधा विभागलेले. पंखांतील शिरांवरून माश्यांची कुले ओळखणाऱ्यांना हे वाचून घरी आल्यासारखे वाटेल. तथापि ‘बहुधा’ हा शब्द सोडून चालणार नाही. यांतील कोणतीही एक खूण एकटी निर्णायक नाही.

आहारातही फरक आढळला. पिग्मियस पाण्याच्या आसपास अधिक शिकार करते आणि तिच्या आहारात पाण्यातून निघणाऱ्या कायरोनोमिडी कुलातील चिलटांसारख्या माश्यांचा वाटा मोठा असतो. दुसरी जाती अधिक विविध परिसरांत फिरते आणि तिच्या लेंड्यांत इतर कुलांतील माश्यांचे अवशेष जास्त मिळतात. हा फरक आवाजाच्या पट्टीमुळे पडतो, असे म्हणण्याचा मोह होतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ४५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसात मिलिमीटर आणि ५५ किलोहर्ट्झची सव्वासहा मिलिमीटर येते. एवढ्याशा फरकाने टिपता येणाऱ्या भक्ष्याच्या आकारात मोठे अंतर पडेल असे मला वाटत नाही. शिकारीची जागा वेगळी, म्हणून ताटातले अन्न वेगळे, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते.

कृषी कीटकशास्त्रात याला तोडीस तोड उदाहरण आपल्या रोजच्या परिचयाचे आहे. पांढरी माशी. ग्रीसमधील तंबाखूवरून १८८९ मध्ये वर्णन झालेली ‘बेमिसिया टबाकी’ ही एकच जाती म्हणून शंभर वर्षे नांदली. नंतर तिचे ‘बायोटाइप’ सांगितले जाऊ लागले, आणि २०१० च्या सुमारास तंतुकणिकांतील सीओआय जनुकात ३.५ टक्के फरक ही सीमा धरून हा अनेक गूढ जातींचा समूह असल्याचे मांडले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पण कीटकनाशकांना दाद देणे, विषाणूंचा प्रसार करणे आणि यजमान पिके निवडणे यांत त्या भिन्न आहेत. पंजाबातील कपाशीवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष दक्षिणेतील पांढऱ्या माशीला जसाच्या तसा का लावता येत नाही, याचे एक उत्तर इथे आहे. ३.५ टक्क्यांची सीमा निसर्गाने आखून दिलेली नाही, ती सोयीची आहे, हेही आपण विसरतो. वटवाघळांत तर अशी एकच टक्केवारी सर्व प्रजातींना लावणे अधिकच धोक्याचे आहे. कारण तंतुकणिका फक्त आईकडून येतात. पूर्वी केव्हातरी दोन जातींचा संकर झाला असेल तर एका जातीच्या शरीरात दुसरीच्या तंतुकणिका मिळू शकतात. म्हणून आता केंद्रकातील जनुकेही तपासण्याचा आग्रह धरला जातो.

आता आपल्या देशातील लहान पिपिस्ट्रेलांकडे वळू. शेतीच्या परिसरात ज्या जाती वारंवार भेटतात त्यांत केलार्टचे पिपिस्ट्रेल थोडे मोठे, म्हणून त्यातल्या त्यात ओळखण्यास सोपे. खरी पंचाईत कोरोमंड्रा आणि टेनुइस या दोघींची. दोघींचा अग्रबाहू तीस मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि मापांची व्याप्ती एकमेकींवर चढते. टेनुइस सरासरीने लहान असते. पण सरासरी ही समूहाची असते, हातातल्या एका प्राण्याची नव्हे. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. २९ मिलिमीटर हे माप दोघींनाही चालते.

भारतातील टेनुइसच्या इतिहासात एक नाव येते ते आपल्या, म्हणजे कीटकशास्त्राच्या, घराण्यातील आहे. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्यातील वन अधिकारी. मुंग्यांचे ते जाणकार संग्राहक होते. ‘कार्डिओकॉन्डिला रॉटनी’ ही मुंगी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. याच मुंगीवेड्या गृहस्थांनी १८९९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातील वटवाघळांवर लेख लिहिला आणि त्यात डांग प्रदेशातील एका चिमुकल्या वटवाघळाला ‘पिपिस्ट्रेलस माइमस’ असे नाव दिले. माइमस म्हणजे नकलाकार. पुढे बहुतेक अभ्यासकांनी माइमस ही सुमात्रातून १८४० मध्ये वर्णन झालेल्या टेनुइसचीच भारतीय उपजाती मानली. नाव मागे पडले तरी ते किती समर्पक होते, हे ज्याने ही दोन वटवाघळे शेजारी ठेवून पाहिली आहेत त्याला कळेल.

मग भेद करायचा कसा? इथेही कीटकशास्त्रज्ञाला परिचित वाट आहे. पतंगांच्या सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करताना आपण नराचे जननांग काढतो, कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून स्वच्छ करतो आणि काचपट्टीवर पाहतो. नर वटवाघळाच्या शिश्नात एक बारीक हाड असते, त्याला बॅक्युलम म्हणतात. त्याची लांबी, बुंध्याचा आकार आणि टोकाची ठेवण जातीगणिक वेगळी असते. हिल आणि हॅरिसन यांनी १९८७ मध्ये या कुलातील अनेक प्रजातींच्या बॅक्युलमची तुलना प्रसिद्ध केली आणि पिपिस्ट्रेलांच्या वर्गीकरणाची बरीच फेरमांडणी झाली. ते हाड काढण्याची रीत आपल्या रीतीसारखीच आहे. पोटॅशमध्ये मऊ भाग पारदर्शक करायचा आणि ॲलिझरीन रेडने हाड रंगवायचे. मर्यादा उघड आहे. मादीत हे हाड नसते, आणि छपराखालच्या प्रसूती-वसाहतींत बहुसंख्य माद्याच असतात.

माझ्या बाबतीत प्रयोगशाळेतील परिचराने, केवळ सवयीने, छपराखाली सापडलेला तो एक मृत नर स्पिरिटमध्ये ठेवला होता. सहकाऱ्याने त्याचे बॅक्युलम तपासले. ते टेनुइसचे निघाले. पण सारी वसाहत टेनुइसची होती की दोन्ही जाती होत्या, हे त्या एका नरावरून सांगता येत नव्हते. पुन्हा नमुने घ्यायला गेलो तोवर छपराची दुरुस्ती होऊन फटी सिमेंटने बुजवल्या होत्या. वसाहत गेली होती. दोन हंगामांच्या त्या नोंदी आज ‘पिपिस्ट्रेलस, जाती अनिश्चित’ या शीर्षकाखाली पडून आहेत. दुरुस्ती करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छपराखाली काय आहे हे मीच त्यांना कधी सांगितले नव्हते.

नमुना जपून ठेवला तर चूक उशिरा का होईना, सुधारता येते. याचे भारतातील ठळक उदाहरण कीटकभक्षी नव्हे, फलाहारी वटवाघळाचे आहे. तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांनी १९४८ मध्ये एक वटवाघूळ गोळा केले. मुंबईच्या संग्रहात ते लहान नाकाचे सामान्य फलाहारी वटवाघूळ म्हणून दोन दशकांहून अधिक काळ होते. थायलंडचे किट्टी थाँगलाँगया यांनी ते तपासले तेव्हा त्याला शेपूट नाही आणि दातांची रचनाही वेगळी, हे त्यांच्या लक्षात आले. १९७२ मध्ये त्यांनी ते केवळ नवी जाती नव्हे, तर नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केले. लॅटिडेन्स सालिमअली हे त्याचे नाव. त्याच थाँगलाँगयांना १९७३ मध्ये थायलंडच्या गुहांत सुमारे दोन ग्रॅम वजनाचे वटवाघूळ सापडले. त्याचे वर्णन पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले. १९७४ मध्ये हिल यांनी ते नव्या कुलात ठेवून जातीला थाँगलाँगया यांचे नाव दिले. जगातील सर्वांत लहान वटवाघूळ ते हेच.

नव्या जातीचा शोध म्हणजे जंगलात कुणी कधी न पाहिलेला प्राणी गवसणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसेही होते. मेघालयातील नाँगखिलेम अभयारण्याच्या परिसरातून २०२२ मध्ये ‘ग्लिस्क्रोपस मेघालयानस’ ही जाती प्रसिद्ध झाली. अंगठ्याच्या बुडाशी आणि तळव्यावर मांसल गाद्या असलेले हे बांबूनिवासी वटवाघूळ. या गाद्यांच्या साह्याने ते बांबूच्या पेरातील गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहते. ही प्रजातीच भारतात प्रथम नोंदली गेली. त्याआधी २०१२ मध्ये मेघालयातूनच नळीसारख्या नाकाच्या म्युरिना प्रजातीतील जैंतियाना आणि प्लुव्हियालिस या दोन जातींचे वर्णन झाले होते. पण पिपिस्ट्रेल किंवा लॅटिडेन्सप्रमाणे घरात अथवा कपाटात असलेलेच नव्याने ओळखले जाणे, हे निदान तितकेच महत्त्वाचे आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. वटवाघळे पकडण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. धुक्यासारखे बारीक जाळे ओढ्यावर किंवा जंगलवाटेवर लावतात. लहान, चपळ जाती ते आवाजाने टिपून टाळतात म्हणून उभ्या तारांचा वीणेसारखा सापळाही वापरतात. पकडलेल्या प्राण्याचे वजन, अग्रबाहू, कान, कानापुढील ट्रॅगस नावाच्या पाळीचा आकार, पंखपटल पायाला नेमके कुठे चिकटते, हे सारे नोंदतात. वय पाहण्यासाठी पंख उजेडासमोर धरतात. पिल्लाच्या बोटांच्या सांध्यांत कूर्चा अजून पारदर्शक दिसते. लीचच्या पिग्मियसला पिल्लू समजण्याची चूक आठवली की ही साधी तपासणी किती मोलाची, हे लक्षात येईल. पंखपटलातून तीन मिलिमीटरचा तुकडा डीएनएसाठी घेतात, ती जखम लवकर भरते. सोडताना आवाज मुद्रित करतात, आणि हा आवाज नाव लावलेल्या प्राण्याचा असल्यामुळे पुढे मोलाचा ठरतो. मोजकेच नमुने संग्रहासाठी ठेवावे लागतात, कारण कवटी आणि दात यांशिवाय वर्णन पूर्ण होत नाही.

खरे श्रम यानंतर सुरू होतात. आपला नमुना वेगळा आहे हे म्हणण्यासाठी तो ज्यांच्यापासून वेगळा आहे त्या सर्व जातींचे प्रमाण-नमुने पाहावे लागतात, आणि भारतीय जातींचे असे अनेक नमुने लंडनमध्ये आहेत. तिथे जाणे, मापे घेणे, जुनी वर्णने वाचणे यांत वर्षे जातात. मलेशियातील हिपोसायडेरॉस बायकलर या पर्णनासिका वटवाघळाच्या १३१ आणि १४२ किलोहर्ट्झ अशा दोन ध्वनिप्रकारांचे निवेदन २००१ मध्ये झाले; १४२ किलोहर्ट्झच्या प्रकाराला ‘कुंझी’ हे स्वतःचे नाव मिळाले ते २०१८ मध्ये.

नाव मिळण्याने कायद्यात काय फरक पडतो? वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या जुन्या अनुसूचींत फलाहारी वटवाघळे सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. लॅटिडेन्स हेही फलाहारी. पण त्याला वेगळे नाव मिळाले होते म्हणून पुढे त्याला पहिल्या अनुसूचीचे सर्वोच्च संरक्षण देता आले. संग्रहातील तो नमुना चुकीच्या चिठ्ठीखालीच राहिला असता तर हा प्राणी उपद्रवी म्हणूनच गणला गेला असता. त्याच्याबरोबर पहिल्या अनुसूचीत असलेले दुसरे वटवाघूळ म्हणजे गोव्याच्या सीमेलगत, बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील ओटोमॉप्स रॉटनी. ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन केले. नाव अर्थात आपल्या मुंगीवाल्या रॉटनांचेच. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द झाली आहे.

शेतीच्या दृष्टीने पाहू. अमेरिकेत टेक्सासमधील कपाशीच्या आठ परगण्यांत वटवाघळांनी बोंडअळीचे पतंग खाल्ल्यामुळे होणारी बचत २००६ च्या एका अभ्यासात वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर काढली गेली. थायलंडमध्ये सुरकुतलेल्या ओठांचे वटवाघूळ पांढऱ्या पाठीचा तुडतुडा मोठ्या प्रमाणात खाते, असे दिसून आले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत बुरशीजन्य रोगाने वटवाघळे मेलेल्या परगण्यांत शेतकऱ्यांचा कीटकनाशक वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढला. हे आकडे आपल्याकडे उद्धृत करण्याची प्रथा पडली आहे आणि मला ती थोडी खटकते. ते आकडे त्या त्या जातीचे, त्या पिकाचे आणि त्या प्रदेशाचे आहेत. टेक्सासचे वटवाघूळ उंच आकाशात, स्थलांतर करणाऱ्या पतंगांत शिकार करते. आपले चार ग्रॅमचे पिपिस्ट्रेल बांधावरच्या बाभळीभोवती फिरते. दोघेही ‘कीटकभक्षी वटवाघूळ’ असले तरी एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. आपल्या भातात, तुरीत, कपाशीत कोणती जाती कोणती कीड किती खाते, हे आपणच मोजायला हवे, आणि त्या मोजणीचा पहिला रकाना जातीच्या नावाचा आहे.

सुदैवाने आता लेंड्यांतूनच खाल्लेल्या कीटकांचा आणि खाणाऱ्या वटवाघळाचा, दोघांचाही डीएनए वाचता येतो. माझ्या त्या दोन हंगामांच्या लेंड्या जपल्या असत्या तर प्रश्न सुटला असता. मी अवशेष मोजून त्या फेकून दिल्या होत्या. प्रकाश सापळ्यांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना म्हणून इतकेच सुचवावेसे वाटते, की लेंड्यांचा थोडा भाग कोरडा, सिलिका जेलमध्ये ठेवावा, पिशवीवर ठिकाण व तारीख पेन्सिलीने लिहावी. मृत वटवाघूळ आढळल्यास उघड्या हाताने उचलू नये; वटवाघळांत रेबीजच्या गटातील विषाणू असू शकतात. वन विभागास कळवून, त्यांच्या संमतीने, हातमोजे घालून ते ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावे. फॉर्मालिनमध्ये ठेवू नये, त्याने डीएनएची नासाडी होते. जवळच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राशी पत्रव्यवहार केल्यास नमुना योग्य ठिकाणी पोहोचू शकतो.

परिचराने ठेवलेली ती बाटली अजून माझ्या कपाटात, खोडकिडीच्या पतंगांच्या पेट्यांशेजारी आहे. तिच्यावरची मूळ चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली, ‘छपराखालचे पाखरू’ अशी. ती मी काढलेली नाही. खाली दुसरी चिठ्ठी जोडली आहे : पिपिस्ट्रेलस टेनुइस, नर, अग्रबाहू २९ मिमी, बॅक्युलमवरून निश्चित.